जेलमधला अँटीबॉडीचा ठिपका फक्त कडेनेच का चमकतो?

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीच्या एका एमएस्सी विद्यार्थिनीला एकाच काचेच्या स्लाइडवर रक्तद्रवातली तीन प्रथिनं एकदम मोजायची आहेत: सीआरपी, आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा. सपाट इपॉक्सी काचेवर सिग्नल फारच फिका आला, म्हणून गाइडनी हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारी रेणूंची जाळी) सुचवलं. तिने पीईजी-डायअक्रिलेट ७०० या प्रकाशाने गोठणाऱ्या जेलचे ठिपके केले, त्या प्रथिनांना पकडणारी अँटीबॉडी आतच मिसळून. शेजारी चाचणीपुरते टाकलेले डीएनएचे ठिपके छान उजळले, पण अँटीबॉडीचे ठिपके अंगठीसारखे आले: कडेला उजेड, मधे अंधार. त्यात जुलै लागल्यापासून धुताना निम्मे ठिपके वाहून जातात. जेल बदलायचं का, आणि बदलायचं तर आगारोज घ्यायचं की पॉलिअक्रिलामाइड, असं तिने विचारलंय.

रबाळ्याला निदान-किटच्या कामात माझी सतरा वर्षं गेली, त्यातली बरीचशी या ठिपक्यांच्या मागे. हो, जेल बदला. पण त्याआधी तुमची अंगठी कुठल्या जातीची आहे ते पाहा. अंगठ्या तीन जातींच्या असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिली जात छापतानाच पडते. थेंब वाळत असताना पाणी कडेकडे ओढलं जातं आणि सोबतचा माल कडेला साचतो. फरशीवर सांडलेला चहा वाळला की कडेला गडद रेघ उरते, तसंच. दुसरी जात चाचणीत पडते: बाहेरून येणारे रेणू कडेलाच पकडले जातात, आत पोचेपर्यंत वेळ संपतो. तिसऱ्या जातीत वेळ कितीही द्या, रेणू आत जातच नाहीत, कारण जेलची जाळीच त्यांच्यापेक्षा बारीक आहे.

ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. एका स्लाइडवर रंग जोडलेली अँटीबॉडी छापा आणि चाचणी न करताच फक्त स्कॅन करा. तिथेच अंगठी दिसली तर पहिली जात. ठिपका एकसारखा भरलेला दिसला तर नेहमीच्या चार स्लाइड घ्या, नमुना आणि शोधक अँटीबॉडी (पकडलेल्या प्रथिनावर बसून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) या दोन्ही पायऱ्या १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि रात्रभर अशा वेगवेगळ्या ठेवा, आणि अंगठीची आतली कड मोजा. ती वेळेबरोबर मधे सरकत असेल तर दुसरी जात. रात्रभर ठेवूनही जिथल्या तिथे असेल तर तिसरी.

तुम्ही दिलेल्या कृतीवरून मला तुमची तिसरी वाटते. पीईजी-डायअक्रिलेट ७०० नुसतंच, छिद्रं पाडणारं काही न घालता गोठवलं, तर जाळीची भोकं एक-दोन नॅनोमीटरची होतात. पूर्ण अँटीबॉडीचा व्यास दहा नॅनोमीटरच्या आसपास. तुमची पकडणारी अँटीबॉडी गोठण्याआधीच आत होती, म्हणून ती आत आहे, पण तुरुंगात. शोधक अँटीबॉडी बाहेरून यायची आहे आणि तिला दारच नाही. वीस-पंचवीस अक्षरांचा डीएनए जेमतेम सात-आठ हजार डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), तोही लांबट. तो सापासारखा घुसतो. १,५०,००० डाल्टनची अँटीबॉडी तशी घुसत नाही. मग कडेला तरी उजेड का? कारण हवेतला ऑक्सिजन मुक्तमूलकं (जेल गोठवणारे क्रियाशील रेणू) खातो, त्यामुळे थेंबाची बाहेरची साल नीट गोठत नाही, सैल राहते. तेवढ्या सैल सालीत अँटीबॉडी शिरते. म्हणजे तुम्हाला जो सिग्नल मिळतोय तो जेल बिघडलंय तिथूनच मिळतोय!

आता मूळ मुद्दा. आमच्या क्षेत्रात नवीन माणूस आला की जेल निवडताना प्रोबचा, म्हणजे आत बसवायच्या पकडणाऱ्या रेणूचा, विचार करतो: प्रोब कसा अडकवू, किती अडकवू, निघून तर जाणार नाही ना. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. जाळी ठरवायची ती सगळ्यात शेवटी आत जाणाऱ्या रेणूवरून. तुमच्या चाचणीत आधी आयएल-६ जाईल, वीस-पंचवीस हजार डाल्टनचं. त्याच्या मागून दीड लाखाची शोधक अँटीबॉडी. आणि तिच्यावर तुम्ही स्ट्रेप्टॅव्हिडिन-फायकोएरिथ्रिन (शोधक अँटीबॉडीला चिकटणारं, चमकणारं प्रथिन) लावणार असाल तर तो आणखी तीन लाखांचा हत्ती. फायकोएरिथ्रिन सपाट काचेवर झकास चमकतं म्हणून सगळे वापरतात, पण बारीक जाळीच्या जेलमध्ये ते दाराशीच अडकतं. त्याऐवजी थेट रंग जोडलेली शोधक अँटीबॉडी घ्या. तिचा फॅब तुकडा (अँटीबॉडीचा पकडणारा हात) मिळाला तर उत्तमच, तो पन्नास हजारांत बसतो. तेही नसेल तर साधा रंग जोडलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन चालेल.

मुळात जेल का घ्यायचं, हेही इथेच सांगते, कारण त्यातच त्याची अडचण दडलेली आहे. सपाट काच म्हणजे बैठी चाळ. जेल म्हणजे घोडबंदर रोडवरचा टॉवर: जमीन तेवढीच, बिऱ्हाडं कितीतरी पट. शिवाय प्रोब चोहोबाजूंनी पाण्यात असतो, काचेवर आपटून त्याचा आकार बिघडत नाही. प्रथिनांच्या बाबतीत ही गोष्ट क्षमतेपेक्षाही मोलाची आहे. ही कल्पना मॉस्कोच्या एंगेलहार्ट संस्थेतल्या आंद्रेई मिर्झाबेकोव यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडली: काचेवर पॉलिअक्रिलामाइडचे छोटे चौकोन आणि प्रत्येकात वेगळा डीएनए. स्टॅनफर्डचा काचेवरच्या मायक्रोॲरेचा (एका काचेवर अनेक प्रोबचे ठिपके) गाजलेला शोधनिबंध १९९५ चा, म्हणजे जेलवाले आधीचे, हे आपल्याकडे शिकवताना हमखास राहून जातं. पुढे त्याच मॉस्कोच्या संस्थेत राइफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारा क्षयरोग ओळखणारी जेल-चिप तयार झाली. पण तिथे शोधायचा होता डीएनए. लहान, सडपातळ. त्या कृतीत प्रथिनं तशीच्या तशी बसवायला गेलं की तुमच्यासारखी अंगठी हातात येते.

दुसऱ्या जातीबद्दलही थोडं, कारण जाळी मोठी केलीत की तुम्ही तिसरीतून दुसरीत याल. पाण्यात अँटीबॉडीचा विसरण-गुणांक (आपोआप पसरण्याचा वेग) सेकंदाला साधारण ४० चौरस मायक्रॉन. ५० मायक्रॉन उंचीचा ठिपका पार करायला नुसत्या पाण्यात तिला अर्धा मिनिट लागेल. जाळीने वेग पन्नास पटीने कमी केला तर पंचवीस मिनिटं. हे परवडतं. पण वाटेत पकडणाऱ्या अँटीबॉडी आहेत ना! गणपतीत दर्शनाला निघालेला माणूस घ्या. नौपाड्यातून पाचपाखाडीला चालत किती वेळ लागतो ते महत्त्वाचं नसतं, वाटेत किती घरी बसवून घेतात ते महत्त्वाचं असतं. कडेची सगळी घरं भरल्याशिवाय रेणू आतल्या घरापर्यंत जात नाहीत, आणि नमुन्यात आयएल-६ इतकं कमी असतं की कडेची घरंही भरत नाहीत.

म्हणून दोन गोष्टी करा. ठिपक्याची उंची कमी करा, कारण वेळ उंचीच्या वर्गाने वाढतो: उंची निम्मी केली की वेळ एक चतुर्थांश. मी १० ते २० मायक्रॉनच्या वर जात नाही. दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. पकडणाऱ्या अँटीबॉडीचं प्रमाण कमी करून बघा. आमच्याकडे एकदा प्रमाण निम्म्यावर आणल्यावर ठिपका एकसारखा भरला आणि ठिपक्याठिपक्यातला फरक घटला. एकूण उजेड जवळपास तेवढाच राहिला. शेकर जोरात फिरवून मात्र काही होत नाही. हलवल्याने रेणू जेलच्या दारापर्यंत लवकर येतात, दाराच्या आत शेकरचं राज्य नाही.

आता जेल कुठलं. तुमच्याकडे सहा महिने आहेत, छपाईयंत्र बाहेरून मागून आणायचंय, आणि पैसे कॉलेजचे. मी आगारोजची पातळ फिल्म सुचवेन. एक टक्का आगारोज गरम असताना स्लाइडवर पसरवा, पूर्ण वाळू द्या, मग सोडियम परआयोडेटच्या पाण्यात अर्धा तास. त्याने साखरेची कडी उघडून अल्डिहाइड तयार होतात आणि अँटीबॉडीचे अमाइन गट त्यांना पकडतात. भोकं शंभर नॅनोमीटरच्या घरातली, म्हणजे फायकोएरिथ्रिनलाही मोकळं रान. शिवाय अतिनील प्रकाश नाही, मुक्तमूलकं नाहीत, अँटीबॉडीला इजा नाही. दोष दोन: फिल्म नाजूक असते, आणि अल्डिहाइड-अमाइनचा बंध पाण्यात सुटू शकतो. म्हणून शेवटी सोडियम सायनोबोरोहायड्राइडने तो पक्का करावा लागतो. ते विषारी आहे, आम्लाशी गाठ पडली तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. फ्यूम हूडमध्येच, आणि एकटीने नको.

पॉलिअक्रिलामाइड डीएनएसाठी अजूनही माझं पहिलं प्रेम आहे: ५′ टोकाला मेथाक्रिल गट लावलेला ऑलिगो (छोटा डीएनए) मागवायचा, मिश्रणात घालायचा, गोठवायचं, झालं. प्रथिनांसाठी चार-पाच टक्क्यांपर्यंत खाली यावं लागतं आणि तेवढं पातळ जेल लिबलिबीत होतं. न गोठलेलं अक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं हे माहीत असेलच. तरीही हातमोजे न घालणारे मी पाहिलेत, म्हणून लिहिते.

पीईजी सोडायचंच नसेल (पार्श्वभूमी इतकी काळी दुसऱ्या कशात मिळत नाही, हे कबूल) तर त्यात न गोठणारं पीईजी घाला. ढोबळ सुरुवात: एक पंचमांश पीईजी-डायअक्रिलेट ७००, दोन पंचमांश साधं पीईजी २०० किंवा ६००, उरलेलं बफर आणि प्रकाश-आरंभक. साधं पीईजी नंतर धुऊन निघतं आणि मागे मोकळ्या जागा सोडतं. प्रकाश पडला की गोठणं सुरू करणारा आरंभक म्हणून एलएपी घ्या. तो पाण्यात सहज विरघळतो आणि ४०५ नॅनोमीटरलाही चालतो, त्यामुळे प्रथिनांवर ३६५ चा मारा करावा लागत नाही. अँटीबॉडी नुसती मिसळू नका. जाळी मोठी झाल्यावर ती धुण्यातच जाईल. अक्रिलेट-पीईजी-एनएचएसने तिला आधी एक हात जोडून द्या: एनएचएसचं टोक अँटीबॉडीच्या अमाइनला धरतं, अक्रिलेटचं टोक जेलमध्ये गुंफलं जातं. आणि ऑक्सिजन घालवा. आमच्याकडे त्यासाठी पोळ्यांचा एक मोठा प्लास्टिकचा डबा होता: झाकणाच्या जागी काच, एका बाजूने नायट्रोजनची नळी आत, दुसरीकडे बारीक भोक. पाच मिनिटं वायू सोडायचा, मग दिवा लावायचा. पुढे परदेशी पेटी आली, पण घाईच्या दिवशी सगळे डबाच काढायचे.

एनएचएस असो वा अल्डिहाइड, ज्याने निम्मे प्रयोग वाया जातात ती चूक फार साधी आहे: ट्रिस बफर. ट्रिसमध्ये स्वतःचा अमाइन गट आहे, तो तुमच्या अँटीबॉडीच्या आधी रांगेत उभा राहतो. ग्लायसिनचंही तेच. त्याहून लपलेला चोर म्हणजे अँटीबॉडीच्या कुपीतलं बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन. विकत घेतलेल्या पुष्कळ अँटीबॉडी टिकाव धरावा म्हणून बीएसए घालून येतात आणि त्यात बीएसए अँटीबॉडीच्या कितीतरी पट असतं. तुम्ही जेलला निष्ठेने बीएसए चिकटवता आणि सिग्नल का नाही म्हणून डोकं धरता. कुपीसोबतचा कागद वाचा, बीएसए नसलेली मागवा. एनएचएसला घाईही हवी: पीएच ८.६ ला, चार अंशांवर ठेवूनसुद्धा, त्याचं अर्धं आयुष्य दहा मिनिटांचं. द्रावण करून चहाला गेलात तर परत येऊन करण्यासारखं काही उरत नाही.

ठिपके वाहून जाण्याचं. हे पीईजी आणि अक्रिलामाइडला लागू, आगारोजचं गणित वेगळं. जेल काचेला आपणहून चिकटत नाही. मधे मेथाक्रिलेट असलेलं सिलेन लागतं: एका टोकाने काच धरतं, दुसऱ्या टोकाने जेल. जेल पाण्यात फुगतं, काच फुगत नाही, सगळा ताण त्या एका थरावर येतो. थर विरळ असेल तर ठिपका आख्खा उचलून निघतो, तळ गुळगुळीत. तुकडे होऊन, तळाशी खपली ठेवून निघत असेल तर दोष थराचा नाही, जेलचा. भिंगाखाली एकदा बघून घ्या.

जुलैत वाढलं म्हणालात, त्यावरून मला आमचा एक पावसाळा आठवला. तीन आठवडे स्लाइड नापास होत होत्या. आम्ही दिवा बदलला, काच बदलली, धुण्याच्या बफरवर संशय घेतला. शेवटी स्टोअरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, ही बाटली अशीच धुरकट असते का?" सिलेनची मोठी बाटली जूनमध्ये उघडली होती, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली पावसाळी हवा रोज थोडी थोडी आत गेली होती, आणि सिलेन आपापसांतच जोडलं गेलं होतं. काचेसाठी काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून नवी बाटली आली की कोरड्या नायट्रोजनखाली पाच-पाच मिलिलिटरच्या कुप्यांत वाटून टाकतो, एक कुपी एकदाच. तुम्हाला लगेच तपासायचं असेल तर पाण्याचा थेंब पुरतो. चांगल्या धुतलेल्या काचेवर तो पसरून सपाट होतो, नीट सिलेन लागलेल्या काचेवर उभा राहतो. दोन्हींवर सारखाच दिसला तर सिलेन लागलेलं नाही.

पावसाळ्याचे आणखी दोन उपद्व्याप आहेत. थेंब वाळू नये म्हणून आपण ग्लिसरॉल घालतो. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की तेच ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढतं, थेंब फुगतात आणि शेजाऱ्याला जाऊन भिडतात. छापताना ६०-६५ टक्के धरून ठेवा. फक्त एसी लावला तर कधी ४० पर्यंत खाली येते आणि मग पहिल्या जातीची अंगठी परत येते. दुसरं, फ्रिजमधल्या स्लाइडचं पाकीट लगेच उघडायचं नाही. गार काचेवर क्षणात दव धरतं आणि ठिपके ओघळतात. बंद पाकीट अर्धा तास टेबलावर, मग कात्री.

छपाईयंत्र मिळालंच नाही तर? दोन स्लाइडमध्ये दोन्ही टोकांना सेलोटेपची एकेक पट्टी लावा, फट साधारण ५० मायक्रॉनची होते. मिश्रण आत सोडा, वर काळ्या फिल्मवर पारदर्शक ठिपके असलेला मुखवटा ठेवा आणि प्रकाश द्या. अशी फिल्म ऑफसेट छपाईवाले काढून देतात. उंची मी वर सांगितली त्यापेक्षा जास्त होईल, म्हणून वेळ निदान सहापट धरा. प्रत्येक अँटीबॉडीसाठी धुऊन पुन्हा तेच करावं लागतं, पण शिकायला हे पुरतं. वरच्या स्लाइडला मेथाक्रिलेट सिलेन लावू नका. आमच्या एका प्रशिक्षणार्थीने दोन्हींना लावलं आणि सुट्या करताना प्रत्येक ठिपका मधोमध फाटला, अर्धा वर, अर्धा खाली.

राहता राहिली तुमची तीन प्रथिनं. इथे जेलने काही होणार नाही. निरोगी माणसात सीआरपी लिटरला काही मिलिग्रॅमपर्यंत असतं, आयएल-६ मिलिलिटरला काही पिकोग्रॅम. हा फरक दहा लाख पटींच्या घरातला. सीआरपीसाठी नमुना पातळ केलात तर आयएल-६ गायब. नाही केलात तर सीआरपीचा ठिपका भरून वाहतो, आणि नमुना व शोधक अँटीबॉडी एकत्र टाकत असाल तर सीआरपी जास्त असूनही आकडा खाली येतो. सीआरपी या स्लाइडवरून काढा. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते वेगळं होतं. त्या जागी आयएल-८ घ्या, ते टीएनएफ आणि आयएल-६ च्या पंगतीत बसतं.

उरलेल्या जागेत अँटीबॉडी नसलेलं रिकामं जेल आणि कशालाच न चिकटणाऱ्या उंदराच्या आयजीजीचा (साध्या अँटीबॉडीचा) ठिपका टाका, प्रत्येकाचे तीन, शेजारी-शेजारी नाही तर विखुरलेले. प्रमाण-वक्र (ठाऊक प्रमाणांच्या नमुन्यांवरून सिग्नलचा आलेख) बफरमध्ये न काढता रक्तद्रवातच काढा. स्लाइड सगळ्या वाळवूनच किंवा सगळ्या ओल्याच स्कॅन करा. मी वाळवून करते, कारण ओल्या जेलची उंची स्कॅनरच्या फोकसमध्ये मावत नाही. आणि साय-५ रंग असेल तर त्याच दिवशी, हवेतला ओझोन तो विझवतो.

आधी त्या चार वेळांच्या स्लाइड करा, जेल न बदलता, आहे त्याच पीईजीवर. कड रात्रभरात सरकली तर माझा अंदाज चुकला आणि तुमचं जेल वाचलं. मग फक्त उंची कमी करून भागेल. स्लाइडच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या लेखणीने खूण करायला विसरू नका. मार्करची शाई अल्कोहोलने जाते, आणि चार सारख्या दिसणाऱ्या काचा हातात घेऊन कोणती चार तासांची आणि कोणती रात्रभराची, हे आठवत बसावं लागतं.